‘बस’ किती वेगानें धांवते?

गोंदियाहून एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारलें आहे कीं, मुलीचा कॉम्प्युटर फार मंद चालतो; दुकानदार ८ जीबीची रॅम काढून अधिक ‘बस स्पीड’ची १६ जीबीची घालावयास सांगतो. परीक्षा तोंडावर आली आहे. हा खर्च करावा काय? प्रश्न पुष्कळ घरांतला असल्यामुळें उत्तर येथेंच देतों.

गोंदिया हें भाताच्या गिरण्यांचें गांव; तेव्हां दृष्टांतही तेथलाच घेऊं. प्रोसेसर ही गिरणी. रॅम हें गिरणीपुढील अंगण. हातीं घेतलेलें धान तेवढें तेथें असतें. डिस्क हें दूरचें कोठार. वीज जातांच अंगण रिकामें होतें, कोठार भरलेलेंच राहतें. अंगणापासून गिरणीपर्यंतची वाट ती ‘बस’. एस. टी.ची बस काय अन् ही काय, दोन्ही नांवें ‘सर्वांसाठीं’ या अर्थाच्या ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दापासून निघालीं.

वाटेची शक्ति रुंदी व खेपा या दोहोंवर अवलंबून असते. गोंदियाकरांस हें सांगावयास नको. जबलपूरकडील रूळ पूर्वीं अडीच फुटांचे होते, हावडा-मुंबई मार्गाचे साडेपांच फुटांचे. लहान डब्यांत माल थोडाच मावे. या शतकांत तोही मार्ग रुंद झाला. रॅमच्या एका पट्टीची वाट ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद असते. डीडीआर-४ पट्टीवर ३२०० हा आंकडा असेल, तर सेकंदास ३२० कोटि खेपा, अर्थात् २५.६ जीबी माल. २४०० असेल, तर १९.२ जीबी. मात्र मदरबोर्ड २४०० पर्यंतचाच असेल, तर ३२०० ची पट्टीही २४०० नेंच चालते. जादा पैसे व्यर्थ.

म्हणून प्रथम मुलीनें नेहमींचीं कामें चालूं ठेवून टास्क मॅनेजर उघडावा. मेमरी नव्वद टक्क्यांवर भरलेली दिसली, तर अंगण अपुरें आहे. यंत्रास वारंवार कोठाराकडे धांवावें लागतें व तेथेंच वेळ जातो. तरीही जुनी पट्टी काढूं नये. रिकामी खांच असल्यास तिच्याच जोडीची ८ जीबीची दुसरी बसवावी. बहुतेक यंत्रांत त्यायोगें वाटही दुहेरी होते. अंगण अर्धें मोकळें असेल, तर दोष रॅमचा नव्हे. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असल्यास तिच्या जागीं एसएसडी घालावी. बस स्पीडचा विचार सर्वांत शेवटीं.

दुकानांत जातांना मुलीस बरोबर न्यावें, व पट्टीवरील आंकडे तिलाच वाचूं द्यावे.