थिबाचा राजवाडा आणि मस्कतची खोली

प्राध्यापकांना काही वर्षांच्या नोकरीनंतर अभ्यासासाठी मोठी रजा मिळते आणि तिला 'सब्बॅटिकल' म्हणतात, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. आमच्या घरात रजा म्हटली की पगार कापला जातो एवढेच ठाऊक होते. अशा रजेवर सहकुटुंब परदेशी राहून आलेल्यांचे लेख मी आवडीने वाचते. भाड्याचे रिकामे घर, कोणी आणून दिलेल्या खुर्च्या, मित्रमंडळींनी मिळून लावलेले पडदे, मुलांची नवी शाळा, फसलेल्या पोळ्या. वाचताना गंमत वाटते, कारण लिहिणाऱ्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. पण मित्रहो, परतीची तारीख ज्यांच्या हातीच नाही, त्यांनी परमुलखात घर कसे लावावे? आपल्या रत्नागिरीला तरी हा प्रश्न नवा नाही.

थिबा राजवाडा आपण सर्वांनी शाळेच्या सहलीत पाहिला आहे. 'ब्रह्मदेशाचा राजा येथे कैदेत होता' एवढे ऐकायचे, जिन्यावरून धावायचे आणि डबे उघडायचे! तेथे एक कुटुंब नांदत होते, हे मात्र कोणी सांगत नाही. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबाला राज्यासकट घर सोडावे लागले. काही महिने मद्रासला काढून १८८६ च्या एप्रिलमध्ये हे कुटुंब रत्नागिरीस आले. राजाचे वय अवघे सत्तावीस. सोबत राणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले आणि लहान मुली. तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी येथे, आपल्या रत्नागिरीत.

आज आपण जो पाहतो तो राजवाडा बांधून झाला १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षे हे कुटुंब दुसऱ्याच्या बंगल्यांत राहिले. आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. हौसेचे घर त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षे आले.

त्याच सुमारास उलट दिशेने काय चालले होते पाहा. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना सरकारने १९०८ साली नेऊन ठेवले ते थिबाच्याच मंडालेत! १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्य तेथल्या लाकडी कोठडीत 'गीतारहस्य' लिहीत होते, तेव्हा मंडालेचा राजा इकडे नव्या घरात बिऱ्हाड मांडत होता. सरकारने दोन गावांच्या माणसांची जणू अदलाबदल केली. (पुढे सावरकरांनाही १९२४ ते १९३७ येथेच स्थानबद्ध केले. आपले गाव सरकारला या कामासाठी फारच सोयीचे वाटले असावे.)

राजवाड्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या, त्यांवरचे कोरीव लाकूडकाम, वरच्या मजल्यावरची संगमरवरी फरशी, उतरती छपरे, मागच्या बाजूची बुद्धमूर्ती. हे सर्व पाहून पर्यटक 'वा!' म्हणतात. मला मात्र दर वेळी वाटते की एवढ्या खिडक्यांतून पाहायचे कोणाला? आणि हे घर पाहायला येणार कोण? राजाला सरकारी परवानगीशिवाय कोठे जाता येत नसे, त्याच्यावर देखरेख करायला सरकारी अधिकारी नेमलेला असे. पेन्शन पुरेना तेव्हा बरोबर आणलेली रत्ने विकून खर्च भागवला. घरात समारंभ होत, नाही असे नाही. चारी मुलींचे कान टोचण्याचा सोहळा झाला, त्याला साहेबमंडळी आली. पण समारंभाचे पाहुणे वेगळे आणि 'जरा साखर द्या हो' म्हणत मागच्या दाराने येणारी शेजारीण वेगळी. मुलींना शाळा नव्हती. राजरक्ताचे वर येथे मिळणार कोठून? चार मुली वाढत होत्या आणि बरोबरीची मैत्रीण म्हणून घरात येईल असे कोणी नव्हते. हा मला सर्वांत मोठा तुरुंगवास वाटतो. राज्य गेल्याचे दुःख मी समजू शकत नाही, आमच्याकडे कधी राज्य नव्हते. मैत्रीण नसल्याचे दुःख समजते.

थोरल्या राजकन्येने तो वेढा आपल्या परीने मोडला. राजाच्याच पदरी असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी तिचे नाते जुळले आणि १९०६ साली टुटू जन्मली. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतले, थोरलीही गेली, पण मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीलाच आली. १९४७ साली ती येथेच वारली. टुटू मराठी बोलत, मराठी घरात, गरिबीत नांदली आणि २००० साली गेली. लोक या कथेला 'अधःपात' म्हणतात. मला हे मान्य नाही. त्या राजघराण्यातले रत्नागिरीत खरे घर झाले असेल तर ते टुटूचेच.

आता मस्कत. माझे बाबा तेथे रंगकाम करतात. लोकांची घरे सजवणे हाच त्यांचा धंदा. तेवढ्या पगारात कुटुंब नेण्याची परवानगी मिळत नाही, म्हणून दोन वर्षांनी दोन महिने ते आमच्याकडे येतात. आखाती पैशाने बांधलेल्या घरांची आपल्याकडे टिंगल होते. पोपटी भिंती, गुलाबी कठडे, काचेच्या कपाटात कधीही न वापरलेले कपबशांचे सेट. आमच्या वर्गातही 'दुबई रंग' हा चेष्टेचा शब्द आहे. थिबाच्या खिडक्या ती 'कला' आणि आमचे कठडे तो 'भपका', हा न्याय कोणता? दोन्ही घरे दूर अडकलेल्या माणसाने मनात रंगवलेली आहेत. फरक इतकाच की राजा आपल्या घरात राहू तरी शकला. बाबांनी स्वतः रंगवलेल्या ओटीवर ते आजवर सलग तीन महिनेही बसलेले नाहीत.

पण एका बाबतीत बाबा राजापेक्षा श्रीमंत आहेत. त्यांच्या खोलीत सहा जण असतात, दोघे लांज्याचे, एक राजापूरचा, एक केरळचा, एक बिहारचा. उरलेल्या डब्यांतले रंग मिसळून त्यांनी एक भिंत हिरवी केली आहे. तो हिरवा नेमका कोणता यावर म्हणे आठवडाभर वाद झाला. भाताच्या रोपांचा की आंब्याच्या पानाचा? शेवटी केरळच्या काकांनी सांगितलेला घेतला, कारण स्वयंपाक ते करतात. गणपतीत त्या भिंतीपुढे पुठ्ठ्याचे मखर होते. आरतीला शेजारच्या खोल्यांतले येतात, ज्यांना आरती येत नाही ते टाळ्या वाजवतात. फोनवर ते सर्व पाहताना आई म्हणते, "आपल्यापेक्षा तिकडचंच मखर बरं झालंय."

राजवाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. माझी एक सूचना आहे. तेथे फिरवताना मार्गदर्शकांनी राज्य कसे गेले यापेक्षा घर कसे चालले ते सांगावे. रांधत कोण होते, मुली कोणत्या खोलीत निजत, मराठी त्यांना कोणी शिकवली. सुधा शहा यांचे 'द किंग इन एक्झाइल' हे पुस्तक २०१२ साली आले आहे, त्यात या कुटुंबाची हकीकत विस्ताराने आहे. निदान एका फलकावर टुटूचे नाव ठळक मराठीत असावे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीचे दर्शन घेऊन गेले. राजाकडे त्याचा देश आला. टुटू आपली होती, तिच्याकडे आपण जायला हवे.

बाबा येत्या गणपतीला येणार होते. मालकाने रजा पुढे ढकलली. मखर पुन्हा तिकडेच होणार. हिरवा रंग अर्धा डबा शिल्लक आहे, असे परवा फोनवर सांगत होते.