अशक्य गोष्ट एकच पुरते

दिवाळी अंकांसाठी कथा मागवण्याचे दिवस सुरू झाले आहेत. म्हणून या आठवड्यात विज्ञानकथा आणि भयकथा यांच्याबद्दल लिहितो आहे. दोघींवरही आपल्याकडे अन्याय झाला आहे, आणि तो एकाच कारणाने झाला आहे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा निव्वळ कथा म्हणून तपासून हवी होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेचं कौतुक केलं. पुढे २०२१ च्या नाशिक संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं.

‘यक्षांची देणगी’ या संग्रहातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मला फार मोलाची वाटते. तिच्या मुळाशी मोबियसची पट्टी आहे. कागदाची लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि ते दुसऱ्या टोकाला चिकटवा. त्या पृष्ठभागात एखादा चपटा, डाव्या हाताचा पंजा राहतो असं समजा. पट्टीवरून पूर्ण फेरी मारून तो मूळ जागी आला की उजव्या हाताचा झालेला असतो. आता हेच आपल्या अवकाशात, हाडामांसाच्या वस्तूंच्या बाबतीत घडलं तर? एवढी एकच अशक्य गोष्ट लेखक आपल्याकडून मान्य करून घेतो. बाकी कथेतलं क्रिकेट आणि माणसं आपल्या ओळखीची आहेत.

आणि गणपती आहे. घरच्या गणपतीची सोंड बहुधा डावीकडे वळलेली असते. उजव्या सोंडेचा म्हटला की कडक सोवळं, नेमधर्म आलाच. तो घरी आणायला माणसं कचरतात. मराठी वाचकाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. भूमितीतली एक उलटापालट थेट त्याच्या देवघरात शिरते आणि मनात धाकधूक सुरू होते. मग हिला विज्ञानकथा म्हणायचं की गूढकथा?

आपण मात्र मध्ये भिंत बांधली. विज्ञानकथेवर प्रबोधनाचं ओझं टाकलं, त्यामुळे कितीतरी कथांत प्राध्यापक पुतण्याला दोन पानं सिद्धांत समजावत बसतात आणि कथा तिथेच मरते. भयकथेला तर रेल्वेच्या प्रवासात वाचून टाकायचा माल ठरवलं. नारायण धारपांनी भयकथेसोबत विज्ञानकथाही लिहिल्या, तरी गंभीर समीक्षेने त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत भीती कुटुंबातूनच उगवते: दबलेली इच्छा, मत्सर, अपराधाची बोच. नाटककार म्हणून त्यांना मिळालेला मान या कथांच्या वाट्याला मात्र उशिरा आणि थोडाच आला. ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाचं बीज धारपांच्या एका कथेत आहे. तो २०१८ साली आला, २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त चालला. अशा गोष्टींची भूक आहे, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

ही भूक लघुकथाच उत्तम भागवते, असं माझं ठाम मत आहे. अनाकलनीयाला फार जागा दिली की खुलासे करावे लागतात, आणि खुलाशांनी भीती व विस्मय दोन्ही पातळ होतात. पंधरा पानांत लेखकाला खुलाशाला सवडच नसते.

संपादकांना माझी विनंती आहे. ‘विज्ञान विशेष’, ‘भय विशेष’ असे कोपरे यंदा काढू नका. या कथा मुख्य कथाविभागात, इतर कथांच्या शेजारी छापा. निवड करताना लेखकाचं नाव झाकून ठेवा. १९७४ ला तेवढ्याने काम झालं होतं. आणि लिहिणाऱ्यांनो, अशक्य गोष्ट एकच घ्या, बाकी सगळं आपल्या घरातलं, गल्लीतलं, कचेरीतलं ठेवा आणि कथा वेळेत पाठवा.