छायाचित्रातील दोष आणि अर्थ

उत्तम छायाचित्र कोणते, या प्रश्नाला अलीकडे एक सोपे उत्तर मिळू लागले आहे : जे अधिक सुस्पष्ट, ते अधिक उत्तम. भ्रमणध्वनीच्या जाहिरातींनी हा निकष घरोघर पोहोचविला आहे. तो तपासून घेणे आवश्यक आहे.

३० जानेवारी १९४८ च्या रात्री दिल्लीत बिर्ला भवनाच्या फाटकापाशी पंडित नेहरूंनी गांधीजींच्या निधनाची वार्ता जमावाला सांगितली. तो क्षण आन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने टिपला. प्रकाश अपुरा, आकृती हललेल्या. तंत्राच्या परीक्षेत ते चित्र कदाचित नापास होईल. परंतु त्या रात्रीचा दिङ्मूढपणा त्या धूसरतेतूनच प्रकट होतो. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रॉबर्ट कापाने घेतलेल्या चित्रांचीही तीच गोष्ट.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. विंचूर-लासलगाव परिसरातील जुन्या घरांत भिंतीवर आजोबा-आजींची तसबीर असते. पुष्कळदा ती लग्नाच्या समूहचित्रातून कापून मोठी केलेली, म्हणून अस्पष्ट असते. त्या काळी मध्यम आकाराच्या एका रोलवर बाराच चौरस चित्रे निघत. कष्टकरी कुटुंबाला एखादेच परवडे. अर्थशास्त्राच्या भाषेत त्या तसबिरीचे विनिमयमूल्य शून्य. त्या घरापुरते मात्र तिला पर्यायी वस्तू नाही.

नेमका येथेच आजचा धोका आहे. जुनी चित्रे संगणकावर 'सुधारून' घेण्याची प्रथा रुळते आहे. डाग पुसणे वेगळे आणि चेहरा नव्याने रचणे वेगळे. मूळ चित्रात नसलेला तपशील यंत्र असंख्य परक्या चेहऱ्यांच्या अनुभवावरून अंदाजाने भरते. सुरकुत्या जातात, कातडी तुकतुकीत होते आणि चौकटीत एक अनोळखी बाई येऊन बसते. सरासरीचा उपयोग अर्थशास्त्राला ठाऊक आहे. पण सरासरीला कोणी आजी म्हणत नाही.

याचा अर्थ तंत्र क्षुल्लक आहे, असा नव्हे. छापील कागदावरील हायपो नीट धुतला गेला नाही, तर चित्र कालांतराने पिवळे पडून विरते. अशा हलगर्जीपणाने कितीतरी चेहरे कायमचे गेले असतील. तंत्राचे खरे काम अर्थ टिकविण्याचे आहे, त्याची जागा घेण्याचे नव्हे.

म्हणून सुधारित प्रत अवश्य करावी, परंतु मूळ चित्र टाकू नये. त्याच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. ती नावे सांगू शकणारी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. गावोगावच्या वाचनालयांनी व महाविद्यालयांनी हे काम हाती घेतल्यास खर्च नगण्य येईल. विलंब केल्यास मात्र चित्रे उरतील आणि माणसे हरवतील. ती हानी कोणत्याही यंत्राला भरून काढता येणार नाही.