फ्यूज मेला नव्हता, कामी आला होता

आधी कबुली देतो आणि मग लेख लिहितो. गेल्या डिसेंबरात आमच्या रूममधल्या टेबलाचा सनमायका जळला, तो 'लूज कनेक्शन'मुळे नाही. ते मी रेक्टर सरांना सांगितलेलं कारण होतं. खरं कारण मी स्वतः, म्हणजे इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आणि अर्धा इंच तांब्याची तार.

झालं असं. माझा रूम पार्टनर निफाडकडचा. सर्दी त्याच्या पाचवीलाच पुजलेली. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, घरोघरी वाफेची मशीन्स आली, तसं त्याच्याही घरी एक आलं. पुढे ते माळ्यावर गेलं आणि थंडी सुरू होताच आज्जीनं ते डब्यातल्या लाडवांसोबत हॉस्टेलला पाठवून दिलं. टेबलावर ठेवायचं, खाली हीटर, वर पाव लिटरचा स्टीलचा कप, कपावर जाळी. जाळीवर ओवा, तुळस, निलगिरीची पानं, जे असेल ते टाकायचं. पुढे एक नॉब, मंद ते तेज. वाफाऱ्यानं सर्दी जाते असं आमचं म्हणणं नाही. डॉक्टर सांगतात की त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आजार बरा होत नाही, आणि भाजायचं भय असतं ते वेगळंच. पण सबमिशनच्या आठवड्यात तेवढ्यापुरतं बरं वाटणं हेसुद्धा काही कमी नसतं.

एके दिवशी मशीन बंद पडलं. विंगमध्ये मल्टिमीटर फक्त माझ्याकडे, त्यामुळे पेशंट माझ्याच टेबलावर आला. स्क्रू तिकोनी डोक्याचे, म्हणजे कुणी उघडू नये म्हणूनच बसवलेले. बॉलपेनची नळी तापवून स्क्रूवर दाबली, तिचाच साचा करून ते काढले आणि स्वतःवर खूश झालो. आत हीटर चांगला होता, वायर चांगली होती. हीटरला टेकून पांढऱ्या स्लीव्हमध्ये एक बारीक नळी होती, ती तेवढी ओपन दाखवत होती. थर्मल फ्यूज. मी म्हटलं, "एवढंच ना!" नळी काढली, तिच्या जागी तार पिळली. मशीन सुरू झालं. पार्टनर म्हणाला, "नॉब फिरवला तरी वाफ तेवढीच येते रे." मी म्हटलं, "जोरात येतेय ना? मग घे की."

तिसऱ्या रात्री तो नॉब मंदावर ठेवून झोपला. पाणी आटलं. मला जाग आली ती जळक्या वासानं. मशीनचा प्लॅस्टिकचा तळ वितळून टेबलाला चिकटला होता आणि सनमायका काळा पडून फुगला होता. पडदा तिथून हातभर अंतरावर होता. एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळं पुन्हा तपासलं, या वेळी जरा लाज बाळगून. नॉबमागच्या सर्किटमधला ट्रायक शॉर्ट झाला होता. ट्रायक म्हणजे ए.सी. लाटेचा किती भाग हीटरला द्यायचा हे ठरवणारा दरवान. हे दरवान बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा दार सताड उघडं टाकूनच बिघडतात. म्हणजे 'मंद' हे फक्त नॉबवर छापलेलं उरलं होतं, आत कायम फुल पॉवर. हिशेब केला. हीटर २०० वॅटचा. पाव लिटर पाणी उकळायला सहा-सात मिनिटं आणि उकळलेलं पाणी पूर्ण आटायला साधारण पाऊण तास. पहिल्यांदा हेच घडलं होतं: पाणी आटलं, कप तापला आणि फ्यूजनं स्वतःचा जीव देऊन मशीन बंद केलं. फ्यूज मेला नव्हता, कामी आला होता. मी मात्र पंचनामा न करता पहारेकऱ्याच्या जागी बुजगावणं उभं केलं.

इथपर्यंत चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही. पण पुढे जे झालं त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

मी ठरवलं, हे मशीन नीट करायचं. लागणारे पार्ट दोन: एक ट्रायक, एक थर्मल फ्यूज. पहिला फोन सर्व्हिस सेंटरला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण इतर ठिकाणीही वेगळं उत्तर मिळालं असतं असं वाटत नाही. "सुटे पार्ट येत नाहीत. बेस युनिट अख्खं बदलावं लागतं, आणि त्या मॉडेलचं बेस युनिट बंद झालंय. नवीन घ्या ना, कितीला येतं!" मग महात्मा गांधी रोड, शालिमार, मेन रोड अशी पायपीट. मोबाईलचं काच-कव्हर हवं तेवढं मिळालं. थर्मल फ्यूज म्हटल्यावर एका दुकानदारानं काचेचा साधा फ्यूज पुढे ठेवला. दुसऱ्यानं सरळ सांगितलं, "डायरेक्ट करून टाका, सगळे तसंच करतात."

हे 'सगळे तसंच करतात' माझ्या डोक्यात बसलं. शेवटी भद्रकालीत एका छोट्या गाळ्यात मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणारे एक काका भेटले. त्यांच्याकडे ट्रायक होता, बी.टी. १३६, चार अँपिअरचा. आपल्या हीटरला एक अँपिअरसुद्धा लागत नाही, म्हणजे भरपूर झाला. थर्मल फ्यूजही होते, राइस कुकरचे, १८५ अंशांचे. मी म्हटलं, "द्या." काका म्हणाले, "जुना कितीचा आहे?" त्याच्या अंगावर १५२ छापलेलं होतं. त्यांनी फ्यूज परत डब्यात टाकला. "हा अँपिअरवर उडत नाही बाळा, तापमानावर उडतो. तुझा तळ प्लॅस्टिकचा. हा उडायच्या आधी तळ वितळेल." धंदा सोडला पण चुकीचा पार्ट दिला नाही. थर्मल फ्यूज निवडायचा कसा, हे मला तीन वर्षांत कुठल्या ओरलला कुणी विचारलं नव्हतं. ते एका गाळ्यात स्टुलावर बसून कळलं.

दरम्यान विंगमधल्या तज्ज्ञांनी सल्ला दिलाच: "पंख्याचा रेग्युलेटर लाव, काम खल्लास." याचाही हिशेब देतो, कारण हा सल्ला दर वर्षी कुणीतरी कुणाला तरी देतं. हल्लीच्या टप्प्याटप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. समजा मधल्या टप्प्याला ३.३ मायक्रोफॅरड आहे. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ९६५ ओहमच्या आसपास. २०० वॅटच्या हीटरचा रेझिस्टन्स २६४ ओहम. दोघे सिरीजमध्ये लावले तर इम्पीडन्स साधारण १००० ओहम, करंट ०.२३ अँपिअर आणि हीटरला मिळतात जेमतेम १४ वॅट. पाणी कोमट होईल, वाफ नाही. आणि पाचावर ठेवलात तर कपॅसिटर बाजूला होऊन थेट २०० वॅट. म्हणजे एक तर उपास, नाही तर जेवणावळ! त्यापेक्षा हीटरच्या सिरीजमध्ये एक साधा डायोड टाकला तर अर्धी लाट जाते आणि पॉवर बरोबर निम्मी, १०० वॅट मिळते. एक स्विच लावला की मंद आणि तेज असे दोन टप्पे तयार. पण थर्मल फ्यूज हवाच, त्याला यातलं काहीही पर्याय नाही.

तो फ्यूज अखेर मुंबईहून आला. एक मित्र शनिवारी पंचवटी एक्सप्रेसनं जाणार होता, त्यानं लॅमिंग्टन रोडवरून चार आणले. चार यासाठी, की पहिला मी डाग लावतानाच उडवला! सोल्डरिंगच्या उष्णतेनंच तो उडतो. दुसऱ्या वेळी पायाला पक्कड धरून, उष्णता तिच्यात जाऊ देऊन काम केलं. खरं तर तिथे डाग न लावता क्रिम्पच करायचं असतं. चारी फ्यूज आणि ट्रायक मिळून खर्च शंभर रुपयांच्या आत. शोधायला लागले सतरा दिवस.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे पार्ट मिळाला नाही की माणूस थांबत नाही, तो बायपास करतो. वस्तू फेकून देणं परवडत नाही किंवा जिवावर येतं, आणि दुरुस्त करायला पार्ट नाही. मग राहतं काय? तार. आपण याला कौतुकानं जुगाड म्हणतो. पण गंमत बघा, जुगाडात आधी कुणाचा बळी जातो? हीटरचा नाही, मोटरचा नाही. फ्यूज, थर्मोस्टॅट, अर्थिंग, म्हणजे ज्याच्यावाचून यंत्र 'चालतं' पण सुरक्षित राहत नाही, तेच आधी जातं. म्हणून सुटे पार्ट मिळणं हा नुसता पैसे वाचवण्याचा किंवा कचरा कमी करण्याचा प्रश्न नाही. तो घरात आग न लागण्याचा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, पाच-सहाशेच्या मशीनसाठी कंपनीनं पार्टचं दुकान मांडायचं का? मजुरी वस्तूच्या वर जाते. मुद्दा चुकीचा नाही. मी तरी कुठे दुकान मागतोय? तळावर तीन ओळी छापा: हीटर किती वॅटचा, थर्मल फ्यूज किती अंश किती अँपिअरचा, ट्रायक कुठला. आणि स्क्रू साधे लावा. एवढ्यानं भद्रकालीतले काका बाकीचं बघून घेतील. आपल्या गावाला हे अवघड का वाटावं? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हजारो व्होल्टची स्विचगिअर बनतात आणि त्यांच्या प्रत्येक पार्टला नंबर असतो. मोठ्या ब्रेकरला जी शिस्त आहे, तिचा शंभरावा हिस्सा वाफेच्या मशीनला का नको?

सरकारनंही हा विषय घेतला आहे. ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैत 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर, दुरुस्ती किती सोपी आहे, याचे दहापैकी गुण छापावे लागतात. चांगलंच आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि कायदा म्हणजे डब्यात पडलेला फ्यूज नव्हे. शिवाय उद्या ही यंत्रं डिझाईन करणारे कोण? आपणच. स्क्रू तिकोनी लावायचा की साधा, हे कुठल्या तरी मीटिंगमध्ये आपल्यापैकीच कुणी ठरवणार आहे.

तोवर कॉलेजला दोन विनंत्या.

पहिली विद्यार्थ्यांना आणि डिपार्टमेंटला. लॅबमध्ये एक खण 'सुट्या पार्टां'चा करूया. नेहमी लागणारे थर्मल फ्यूज वेगवेगळ्या अंशांचे, ट्रायक, डायोड, उष्णता सोसणारी स्लीव्ह, क्रिम्प. महिन्यातून एका शनिवारी वर्कशॉपमध्ये बसूया. हॉस्टेलमधली इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, जे असेल ते आणा. एकच नियम: फ्यूज का उडाला हे सांगता आल्याशिवाय नवा फ्यूज मिळणार नाही.

दुसरी रेक्टर सरांना, आणि ही जरा भीतभीतच. हॉस्टेलमध्ये हीटरच्या वस्तूंना बंदी आहे आणि माझ्या कर्तृत्वानंतर ती योग्यच वाटेल. पण सर, बंदीनं मशीन्स जात नाहीत, ती खाटेखाली जातात आणि खाटेखालच्या मशीनचं अर्थिंग कुणी तपासत नाही. त्याऐवजी सिक रूममध्ये एक मशीन ठेवूया, आपल्या इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटनं तपासलेलं, ३० मिलीअँपिअरच्या आर.सी.सी.बी.वर. ज्याला सर्दी होईल तो तिथे जाऊन वाफ घेईल.

त्यासाठी एक मशीन तयार आहे. पार्टनरच्या आज्जीनं फोनवर परवानगी दिली आहे. तळ वितळला होता तिथे नवा पत्र्याचा तळ बसवून त्याला अर्थिंग दिलं आहे, स्क्रू साधे आहेत, आणि आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं आहे: '२०० वॅट, १५२ अंश, बी.टी. १३६'. उरलेले दोन फ्यूज एका पुडीत घालून आतच चिकटवले आहेत. सनमायक्याचे पैसे भरायलाही मी तयार आहे. पावती मात्र 'लूज कनेक्शन'च्या नावानं फाडू नका, सर.