सोळा आण्यांतले सहा आणे

नकलेची निंदा करणे हा आपल्याकडे विद्वान ठरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. नाटकाचा नवा संच पाहून आलेला माणूस “पहिल्या संचाची सर नाही” असे म्हणतो, आणि त्याने पहिला संच पाहिलाच असणार असे ऐकणारे धरून चालतात. पुस्तकाची छोटी आवृत्ती दिसली की नाक मुरडायचे; कारण नाक मुरडायला पुस्तक वाचावे लागत नाही. ह्या मंडळींशी मला आज भांडायचे आहे, आणि त्यासाठी मी मुद्दामच असा विषय घेतो आहे की जो साहित्याच्या दरबारात अजून पायरीवरच उभा आहे. विषय आहे मारिओचा.

वडीलधाऱ्यांनी दचकू नये. हा अंक ज्या घरात वाचला जात असेल, त्या घरातल्या चाळिशीच्या माणसाला हाक मारून विचारावे. मारिओ कोण हे त्याला सांगावे लागणार नाही. १९८५ च्या सप्टेंबरात जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा टीव्हीवर खेळायचा खेळ काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे कर्ते. नळ दुरुस्त करणारा एक मिशीवाला गडी डावीकडून उजवीकडे धावतो, खड्डे ओलांडतो, शत्रूच्या डोक्यावर उडी मारतो आणि शेवटी राजकन्येला सोडवतो. आठ राज्ये, प्रत्येकात चार टप्पे, एकूण बत्तीस. हा सारा संसार चाळीस किलोबाइटांत मावला होता; दिवाळीच्या शुभेच्छांचा जो फोटो आज मोबाइलवर येतो, तो बहुधा ह्याहून जड असतो.

पुढे १९९९ साली त्याच कंपनीने हा खेळ ‘डिलक्स’ ह्या नावाने पुन्हा काढला. तो होता ‘गेम बॉय कलर’साठी, म्हणजे हाताच्या पंजात मावणाऱ्या आणि दोन पेन्सिल सेलांवर चालणाऱ्या यंत्रासाठी. भाच्याकडचे तसले जुने यंत्र मागून घेऊन ह्या उन्हाळ्यात मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा खेळलो. अकोल्याच्या एका स्नेह्यांनी ते हातात घेतले, दोन मिनिटे चालवले आणि परत देत निकाल दिला, “मास्तर, कायले डोळे फोडता? पुढचं काहीच दिसत नाही बाप्पा! मूळचा तो मूळचा.”

स्नेह्यांची तक्रार खोटी नाही, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते मांडल्याशिवाय त्याला उत्तर देणे हा पळपुटेपणा होय. मूळ खेळाची चौकट आडवी २५६ आणि उभी २४० ठिपक्यांची. हातातल्या यंत्राची १६० आणि १४४ ची. गुणाकार करून पाहावा: मूळ चित्राच्या रुपयातले बरोबर सहा आणे उरतात. खेळातली वीट सोळा ठिपक्यांची आहे. म्हणजे मूळ खेळात एका वेळी सोळा विटा आडव्या दिसत, इथे दहा दिसतात. उभ्या पंधरांच्या नऊ झाल्या.

हा तोटा किती मोठा, हे मास्तराइतके कोणाला कळणार नाही. कारण मूळ खेळाचा पहिला टप्पा हा अध्यापनाचा उत्तम नमुना आहे. आरंभी मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे सगळी मोकळी जागा असते. कुठे जायचे हे न सांगता कळते. मग समोरून भुवया आक्रसलेला एक ठेंगू प्राणी चालत येतो. त्याला थोडे अंतर असते, म्हणून विचाराला थोडा वेळ मिळतो. पुढे विटेतून एक अळंबी निघते, उजवीकडे घरंगळते, नळाला आपटते आणि उलटून तुमच्याच अंगावर येते. भीतीने घ्यायची टाळलेली वस्तू घ्यावीच लागते, आणि ती हिताची आहे हे कळते. सूचनेची एक ओळ नाही, की छडी नाही. ह्या सगळ्या शिकवण्याचा पाया एकच: पोराला पुढचे दिसते. दहा विटांच्या खिडकीत तो पाया खचतो. शत्रू उंबरठ्यावर येईपर्यंत दिसत नाही. उंच उडी घेतली की पायाखालची जमीनच चौकटीबाहेर जाते, आणि आपण कशावर उतरणार आहोत ते देवालाच ठाऊक.

हे सारे मान्य. तरीही माझे म्हणणे असे की, ह्या लहान आवृत्तीने मूळ वस्तूचा मान राखला आहे. आणि तिला हसणाऱ्यांना मूळ वस्तूत मोलाचे काय होते हेच समजलेले नाही.

मोलाची होती ती उडी. बटण क्षणभर दाबले तर उडी लहान, दाबून धरले तर उंच. धावत येऊन मारली तर लांब. आणि हवेत असतानाही अंग थोडे वळवता येते. ह्या उडीच्या मापावर बत्तीस टप्प्यांतला प्रत्येक खड्डा बेतलेला आहे. लहान पडद्यासाठी खेळ आणताना कर्त्यांपुढे दोन वाटा होत्या. सगळे चित्र आक्रसून सहा आण्यांत कोंबायचे, किंवा चित्र तेवढेच ठेवून चौकट लहान करायची. त्यांनी दुसरी वाट धरली. मारिओ तेवढाच, वीट तेवढीच, खड्डा तेवढाच. लहान झाली ती खिडकी. जग लहान झाले नाही. आणि खिडकी लहान आहे हे त्यांनी लपवलेही नाही. वरचे किंवा खालचे बटण दाबून धरले की नजर थोडी वर वा खाली सरकते आणि झाकलेला भाग दिसतो. कात्री चालवणाऱ्याने कापलेली जागा दाखवून द्यावी, असा प्रामाणिकपणा मी आमच्या पुष्कळशा संक्षिप्त पुस्तकांतही पाहिलेला नाही. तिथे पाचशे पानांची साठ पाने होतात, वर्णने जातात, विनोद जातो, आणि पोराला वाटते की आपण ते पुस्तक वाचले.

लहान म्हणजे नकली नव्हे, हे वऱ्हाडातल्या माणसाला तरी परक्याने सांगावे लागू नये. अकोल्याहून बडनेऱ्याकडे जाताना मुर्तिजापूर लागते. तिथून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी आपली शकुंतला धावत असे. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटांच्या अंतराचे, शकुंतलेचे अडीच फुटांचे. म्हणून काय ती रेल्वेची नक्कल होती? मोठी गाडी ज्या गावांना दुरून शिटी ऐकवून निघून जाई, त्या गावांच्या दारात शकुंतला थांबे. तिला खेळणे म्हणून हसणारे पुष्कळ होते. ती बंद पडली तेव्हा हळहळणाऱ्यांत तेही होते.

आता त्या “मूळचा तो मूळचा” ह्या वाक्याकडे वळतो. ज्या मूळच्या नावाने आमचे स्नेही गळा काढतात, ते मूळ आमच्यापैकी किती जणांनी हातात धरले होते? नव्वदीच्या दशकात अमरावती-अकोल्याच्या घरांतून जे यंत्र टीव्हीला जोडले जाई, ते समुराई, मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांचे. म्हणजे निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल. त्यात घालायची वस्तू, तिला आम्ही कॅसेट म्हणत असू, तीही नक्कल. वेष्टनावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ छापलेले; उघडून पाहावे तर तेच पाच-दहा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा. त्या खोटारड्या कॅसेटीतच आम्हांला मारिओ भेटला, आणि खरा भेटला. कारण उडी खरी होती. नकलेच्या पाटावर बसून जेवलेल्यांनी नकलेला नावे ठेवावीत, ह्यापरता कृतघ्नपणा नाही.

आणि त्या यंत्राशी आमचे वैर कोणाचे होते? विजेचे. मूळ खेळात खेळलेले जपून ठेवण्याची सोय नव्हती. आठव्या राज्यापर्यंत घाम गाळून पोचावे, आणि वीज जावी. वीज गेली की सातही राज्ये गेली. परत आली की पुन्हा पहिल्या विटेपासून आरंभ. तिथून शेजारणीची हाक, आईचा धपाटा, बाबांच्या बातम्या, ही संकटे वेगळीच. १९९९ च्या आवृत्तीत जिंकलेला टप्पा नकाशावर राहतो. खेळ मिटून ठेवता येतो, उद्या तिथूनच पुढे जाता येते. पडद्यामागे दिवा नसल्यामुळे उजेडात बसावे लागते हे खरे, पण वऱ्हाडात उन्हाला काय तोटा? पुढचे सहा विटांचे अंतर गेले. त्याच्या बदल्यात मागची सात राज्ये वाचली. ज्याच्या घरची वीज कधी गेली नाही त्याला हा सौदा तोट्याचा वाटेल. भारनियमनात वाढलेल्याला तो तसा वाटू नये.

शुद्धतेचा बाऊ करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. खुद्द जपानात हा डिलक्स खेळ २००० साली आला तो दुकानातल्या फळीवरच्या डबीतून नव्हे. ग्राहकाने पुन्हा पुन्हा भरता येणारी कॅसेट दुकानात न्यायची आणि तीवर खेळ भरून घ्यायचा, अशी ती योजना होती. आपल्याकडे रिकाम्या कॅसेटवर आवडीची गाणी भरून देणारी दुकाने ज्यांना आठवतात, त्यांना ह्यात ओळखीचे काहीतरी दिसेल.

ह्या आवृत्तीत रागावण्याजोगे एकच आहे, आणि नेमके त्यावर कोणी रागवत नाही. तिच्यात एक ‘आव्हान’ नावाचा विभाग जोडला आहे. प्रत्येक टप्प्यात पाच लाल नाणी शोधा, एक लपवलेले अंडे शोधा, ठरलेले गुण मिळवा. तिन्हींची नोंद होईल. म्हणजे खेळाची झाली घटक चाचणी! १९८६ चा जो अवघड मारिओ जपानात निघाला होता तोही आत ठेवला आहे, पण त्याचे दार तीन लाख गुणांच्या कुलपात. पहिल्या टप्प्याने पोराला न सांगता शिकवले होते. आव्हानाने त्याच्या हातात गुणपत्रिका दिली.

तरी इथेही त्या कर्त्यांच्या मर्यादेला मी नमस्कार करतो. हा परीक्षेचा बाजार त्यांनी वेगळ्या खोलीत मांडला. मूळ खेळाचे दार निराळे आहे. त्यात शिरले की लाल नाणे नाही, अंडे नाही. ज्याला नुसते खेळायचे त्याला नुसते खेळता येते. आमच्या शाळांत ती सोय आहे का? आम्ही मास्तर आणि तुम्ही पालक, दोघांनी मिळून प्रत्येक खोलीत गुणांचा फळा टांगला आहे. मूल चित्र काढू लागले की ग्रेड परीक्षेचा अर्ज, मैदानावर धावू लागले की पहिला प्रश्न, “दहावीला क्रीडागुण किती मिळतील?” ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी नेऊन दाखवली, त्या अमरावतीत खेळाला गुणांच्या तराजूत घालताना आपला हात थरथरत नाही. मातीवरची कबड्डी मॅटवर गेली म्हणून हळहळणारे मला भेटतात. मॅटने कबड्डीचे काही बिघडत नाही. चढाई आणि पकड शाबूत आहेत तोवर ती कबड्डीच आहे. बिघडते ते पोर खेळायला निघताना त्याच्या खिशात आपण गुणांचा हिशेब घालतो तेव्हा.

म्हणून कोणतीही लहान, नवी, हातात मावणारी आवृत्ती समोर आली, मग ती खेळाची असो, नाटकाची असो की पुस्तकाची, तर मोजपट्टी काढून तिची लांबी-रुंदी मोजत बसू नये. जिच्यामुळे मूळ वस्तू आपल्याला प्रिय झाली ती उडी शाबूत आहे का, हे आधी पाहावे. जे कापले ते लपवले आहे की दाखवले आहे, हे नंतर पाहावे. ह्या दोन्हींत जी उतरली तिला नक्कल म्हणणाऱ्याचे तोंड खुशाल बंद करावे.

आणि हे भांडण आजच का, असे विचाराल तर कारण सांगतो. हीच डिलक्स आवृत्ती पुढे ‘निन्टेन्डो थ्रीडीएस’ ह्या यंत्राच्या ऑनलाइन दुकानात विकायला ठेवली होती. २७ मार्च २०२३ रोजी त्या दुकानातली खरेदी बंद झाली. तिच्यासारख्या कितीतरी खेळांचे एक दार मिटले. कागदावरचे पुस्तक छपाई थांबली तरी कोणाच्या तरी फडताळात उरते. हे खेळ तसे उरत नाहीत. यंत्र मेले की तेही जातात. अशा वेळी मूळचे आणि नकलेचे सोवळेओवळे करीत बसणारे लोक वस्तू वाचवत नाहीत. ते फक्त तिच्या तेराव्याला मूळची थोरवी सांगायला येतात. ज्यांच्या माळ्यावर, जुन्या पेटीत, दिवाळीच्या साफसफाईत असे एखादे यंत्र सापडेल, त्यांनी ते भंगारवाल्याला देऊ नये. दोन सेल घालावेत आणि घरातल्या पोराच्या हातात द्यावे. गुण विचारू नयेत. सहा आण्यांच्या त्या खिडकीतून सोळा आण्यांची उडी त्याची त्याला दिसेल.