सायकल मिळाली, ताकदीचं काय?

आमच्या गटातल्या तीन मुली लांब पल्ल्याची सायकल चालवतात. वजनं उचलायला शिकायचं म्हणून त्यांना घेऊन बर्डीतल्या एका व्यायामशाळेत गेले. उत्तर मिळालं, ‘मुलींसाठी योगासनं आहेत. वजनांनी अंग पुरुषी होतं.’

मैत्रिणींनो, हे खरं नाही. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी 2022 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, लेह ते मनाली हे 430 किलोमीटर अंतर सायकलवर 55 तास 13 मिनिटांत पार केलं. अशा प्रवासाला नुसता दम पुरत नाही. मांड्या, कंबर, पाठ, खांदे मजबूत लागतात. नॉर्वेत सराव असलेल्या महिला खेळाडूंनी 11 आठवडे जड वजनं उचलली. तीन तास सायकल चालवल्यावरही त्यांचा शेवटचा जोर वाढलेला दिसला. अंगाचं वजन मात्र वाढलं नाही. शिवाय सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे हाडांना पुरेसा व्यायाम होत नाही. तो वजनांनी होतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होणाऱ्या आपल्यासारख्यांना हे महत्त्वाचं आहे.

पाण्याचा हंडा, सिमेंटचं घमेलं उचलणारी बाई कुणाला पुरुषी वाटत नाही. तीच स्वतःसाठी वजन उचलू लागली की वाटते! आणि राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. राबण्यात विश्रांती नसते, पोटभर जेवणही नसतं.

आपल्या गटांनी आता वस्तीतल्या व्यायामशाळांत मुलींसाठी वेळ आणि शिकवणारी बाई मागायला हवी. घरात मुलीच्या ताटात डाळ, अंडी वाढायला हवीत.