बसून दमलेला माणूस

आमच्या उत्तनमध्ये शिकणाऱ्या पोराला घरचे एकच आशीर्वाद देतात, "खुर्चीवर बसून पगार मिळव!" त्यात चूक काहीच नाही. ज्यांचा उभा जन्म बोटीवर जाळी ओढण्यात आणि डोक्यावरून मासळीच्या पाट्या वाहण्यात गेला, त्यांना खुर्ची म्हणजे स्वर्गच वाटणार.

थर्ड इयरची परीक्षा संपल्यावर मी त्या स्वर्गात दोन महिने राहून आलो. अंधेरीच्या एका कंपनीत जून-जुलैची इंटर्नशिप होती. उत्तनहून भाईंदरपर्यंत बस, तिथून लोकल, मग रिक्षा आणि त्यानंतर एसीमध्ये नऊ तास खुर्ची! पहिले आठ दिवस राजासारखं वाटलं. नवव्या दिवसापासून कंबर बोलायला लागली. दुपारी तीन वाजता डोळे मिटायचे, संध्याकाळी मान आखडायची आणि घरी आलो की जेवून सरळ आडवा.

१ जूनपासून मासेमारीला बंदी असते, त्यामुळे बाबा घरीच होते. एके रात्री मला असा पडलेला बघून ते म्हणाले, "अरे, मी चार दिवस समुद्रावर काढून आलो तरी इतका मेलेला नसतो. तू दिवसभर केलंस तरी काय?"

"बसलो होतो."

घरातले सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. बसून माणूस दमतो कसा?

उत्तर रविवारी पडवीत सापडलं. बाबा जाळं सांधत बसले होते. म्हणजे त्यांचंही काम बसूनच! पण दोरा संपला की उठायचे. जाळ्याचा पुढचा भाग ओढून घ्यायला उठायचे. शेजारचे काका दिसले की रस्त्यापर्यंत जाऊन गप्पा मारून यायचे. बसले तरी कधी मांडी घालून, कधी एक पाय लांब, कधी उकिडवे. मी घड्याळ लावून मोजलं. अर्ध्या तासात सहा वेळा उठले! आणि ऑफिसात मी? सकाळी दहा ते एक या तीन तासांत एकदा. तेही बाटली भरायला.

आपण इंजिनिअर लोक, तेव्हा हे आपल्या भाषेत मांडतो. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर हृदयाकडे न्यायला पोटरीचे स्नायू पंपासारखं काम करतात. चाललं की पंप चालू, बसून राहिलं की जवळजवळ बंद. मांडीचे मोठे स्नायू रिकामे बसले की रक्तातली साखरही कमी वापरली जाते. जेवल्यावर तासन् तास बसून राहण्यापेक्षा मध्ये मध्ये दोन मिनिटं चाललं, तर साखर कमी चढते. म्हणजे मशीन जास्त चालून गरम झालेलं नाही, बंद राहून जाम झालेलं आहे!

ही गोष्ट काही आजची नाही. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे डबलडेकर बस होत्या. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. बस तीच, कंपनी तीच. पण हृदयविकार ड्रायव्हरमध्ये जास्त निघाला. मॉरिस साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दोघांच्या युनिफॉर्मची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरच्या कमरेचा घेर आधीपासूनच मोठा असल्याचं दिसलं. म्हणजे सगळा दोष खुर्चीवर टाकता येत नाही. पण पुढच्या कित्येक अभ्यासांनी मुख्य मुद्दा पक्का केला की हालचाल वाचवते.

आता कोणी म्हणेल, "मग जिम लाव ना!" जरूर लावा. २०१६ साली दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास झाला. त्यात रोज तास-सव्वा तास बऱ्यापैकी व्यायाम करणाऱ्यांमध्ये जास्त बसण्याचा धोका जवळजवळ पुसला गेलेला दिसला. पण उत्तनहून अंधेरीला जाऊन-येऊन करणाऱ्याने हा सव्वा तास आणायचा कुठून? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. पूर्वी ती सलग दहा-दहा मिनिटं तरी हवी अशी अट होती, २०२० च्या सूचनांमध्ये ती काढून टाकली. म्हणजे दोन मजले चढलात तरी खात्यात जमा!

मग अडचण काय? माझ्या मते अडचण माहितीची नाही, लाजेची आहे. इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात मी ठरवून दर अर्ध्या तासाने उठायला लागलो. दोन दिवसांत एका सीनियरने हसत हसत टोमणा मारलाच, "काय रे, जागेवर दिसत नाहीस!" मी लगेच बसलो आणि पुढचे तीन दिवस हललो नाही. जागेवर दिसणं म्हणजे काम करणं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. आणि ते बसवलं कोणी? आपल्याकडे वर्गात उभं राहणं ही शिक्षा असते, मित्रांनो! बालवाडीपासून सतरा-अठरा वर्षं आपण शहाण्यासारखं बसायला शिकतो आणि मग नोकरीत तेच इमानदारीने करतो.

म्हणून म्हणतो, उठणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. मशीनचं मेंटेनन्स करणाऱ्याला आपण आळशी म्हणतो का? नंतर मी त्या सीनियरला सरळ सांगितलं, "सर, कंबर धरते, म्हणून उठतो." ते म्हणाले, "माझी पण धरते रे." दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं जेवणानंतर बिल्डिंगला फेरी मारायला लागलो. मोठी बाटली सोडून मी छोटा ग्लास ठेवला, म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागतं. फोन आला की उभं राहून बोलायचं. संध्याकाळी एक स्टॉप आधी उतरून घरी चालत यायचं. रविवारी चौकच्या धारावी किल्ल्यापर्यंत पायी जायचं. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला होता, आम्हाला निदान तिथवर चालता तरी यावं! महिन्याभरात तीन वाजताची झोप बरीच कमी झाली. (रात्री दोनपर्यंत मोबाईल बघणाऱ्यांनी मात्र खुर्चीला दोष देऊ नये. आणि इतकं करूनही थकवा जात नसेल तर डॉक्टर गाठावा.)

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाबांचं आयुष्य छान आणि माझं वाईट, असं मला म्हणायचं नाही. त्यांचे गुडघे दुखतात, पाट्या वाहून आईची मान गेली आहे. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. ते शरीर झिजवतात, खुर्ची ते गंजवते. आई-बाबांनी मला झिजण्यातून बाहेर काढलं, ते गंजण्यासाठी नक्कीच नाही.

तेव्हा प्लेसमेंटची वाट कशाला बघायची? सुरुवात इथेच करू या. सलग तीन लेक्चर असतील, तर मध्ये दोन मिनिटं सगळ्या वर्गाने उभं राहायची परवानगी सरांकडे मागू या. फार तर काय, हसतील! सबमिशनच्या दिवसांत जर्नल लिहिताना दर अर्ध्या तासाने एकमेकांना उठवू या.

आणि हो, हा लेख तुम्ही बसूनच वाचत असणार. आता संपला आहे. उठा, कॅन्टीनपर्यंत एक चक्कर मारून या. चहाचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यायचे!